काट्यावरचं काम गेलं, मग मी 'धन्य' कसा?

प्रभूच्या नावात सलाम, भाऊ.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचणाऱ्यांसाठी हकिगत थोडक्यात सांगतो. गाव आणि कारखाना सांगत नाही. तुम्ही नऊ गळीत हंगाम एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर हंगामी कामगार म्हणून काढलेत. गेल्या हंगामात तोंडी हुकूम आला, की भरल्या गाडीमागे ठरावीक वजन कमी मांडायचं. तुम्ही नाही म्हणालात. आधी पाळी बदलली, मग तुम्हाला काट्यावरून उचलून गव्हाणीकडे, ऊस गाळायला टाकतात त्या जागी, टाकलं. यंदा हंगाम सुरू करताना मोळी टाकायच्या कार्यक्रमाचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरले, पण तुम्हाला बोलावणं आलं नाही. कायम होणाऱ्यांच्या यादीतलं नावही गेलं. घरी शिलाई मशीन आहे, त्यावर वहिनी संसार ओढताहेत. मुलीची कॉलेजची फी भरायची राहिली आहे.

प्रश्न तीन. तुमच्या चर्चचे पाळक म्हणाले, "नीतिमत्त्वासाठी सोसताय, धन्य आहात, आनंद करा". तुम्हाला आनंद होत नाही, मग देवासमोर खोटं बोलायचं का? प्रार्थनासभेत एक जण म्हणाला, आशीर्वाद अडलाय म्हणजे घरात काही पाप असणार; ते खरं का? आणि तिसरा, कोर्टात जावं की ख्रिस्ती माणसानं मुकाट सोसावं?

मधल्याचं उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. नाही. बायबलात सरळ असूनही सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी नेमकं हेच त्याला ऐकवलं होतं आणि पुस्तकाच्या शेवटी परमेश्वराचा राग त्या मित्रांवरच झाला. जन्मांधाकडे बोट दाखवून शिष्यांनी "पाप कोणाचं?" असं विचारलं, तेव्हा येशूनं तो प्रश्नच मोडीत काढला. प्रार्थनासभेतल्या त्या गृहस्थाशी वाद घालू नका. अशा माणसाला बहुतेक वेळा स्वतःचीच भीती वाटत असते: तुमच्यासारख्या सरळ माणसावर ही वेळ येते, तर आपल्यावरही येईल. तुमच्यात पाप सापडलं की त्याची झोप शाबूत राहते.

आता आनंदाचं. मी चौतीस वर्षं पाळक होतो. या विषयावर किती उपदेश केले त्याची मोजदाद नाही आणि त्यातले निम्मे तरी एकाच साच्याचे होते: छळ, धीर, मुकुट. समोर बसलेल्याच्या घरी त्या रात्री चूल पेटणार आहे का, हे मी विचारलं नव्हतं. म्हणून तुमच्या पाळकांना दोष देत नाही. पण नव्या करारातलं पेत्राचं पहिलं पत्र सबंध वाचा, पाच अध्याय आहेत, अर्धा तास लागेल. पहिल्याच अध्यायाच्या सहाव्या वचनात उल्हास आणि दुःख एकाच वाक्यात आहेत. पेत्र दुःखाला दुःखच म्हणतो. आणि अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूनं काय म्हटलं? माझा जीव मरणाइतका कष्टी झाला आहे. तिथं त्यानं कोणाला आनंदी चेहरा दाखवला नाही, सोबत जागे राहायला तीन माणसं मागितली, आणि तीही झोपली. तुम्हाला आनंद होत नसेल तर देवाला तसंच सांगा. १३वं स्तोत्र "किती वेळ" असं विचारतच सुरू होतं, आणि तेही उपासनेत गाण्यासाठीच लिहिलं गेलं.

पण मग "धन्य" या शब्दाचं काय करायचं? इथं थोडा थांबतो, कारण आपल्या मंडळ्यांत सगळा घोळ या एका शब्दाचा आहे.

मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, "धन्य" आणि "आशीर्वाद" हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि मूळ ग्रीकमध्येही वेगळे आहेत. मत्तयाच्या ५व्या अध्यायात आणि पेत्राच्या ३:१४ मध्ये "मकारिओस" आहे, त्याचं आपण "धन्य" केलं. पेत्राच्याच ३:९ मध्ये "युलोगिया" आहे, तो "आशीर्वाद". आपण दोन्ही एका पोत्यात घातले. नवी गाडी घेतली, हार घातला, फोटो काढला, खाली लिहिलं "प्रभूने आशीर्वादित केलं". मग ज्याची नोकरी गेली त्याला "तूही धन्य" म्हटलं की त्याला वाटतं, म्हणजे आपली गाडी मागून येतेय. ती आली नाही की तो देवाच्या नावानं हिशेब मांडायला बसतो.

मराठीत "धन्य" कसा वापरतात ते पाहा. "धन्य ती माउली" असं आपण म्हणतो. माउली स्वतःबद्दल म्हणत नाही, पाहणारा म्हणतो. आणि तो म्हणतो त्या वेळी माउलीच्या डोळ्यांत चुलीचा धूर गेलेला असतो, तिला धन्यबिन्य काही वाटत नसतं. येशू डोंगरावर बसून बोलला ते असं पाहणाऱ्याचं बोलणं आहे. तो शोक करणाऱ्यांकडे, छळ झालेल्यांकडे पाहतो आणि सांगतो, देवाच्या नजरेत हे कुठं उभे आहेत. तुम्हाला काय वाटलं पाहिजे याचा तो हुकूम नव्हे. आनंदाचं बोलणं त्याच्या पुढच्या वचनांत येतं, खरं आहे. पण ते "धन्य"वर उभं आहे, "धन्य" त्याच्यावर उभं नाही. तुमचा आनंद आटला म्हणून त्याचं म्हणणं खोटं पडत नाही.

आता एक कठीण गोष्ट. रागावू नका.

सोसलेलं सगळंच नीतिमत्त्वासाठी नसतं, आणि हे पेत्रच सांगतो. ४:१५ मध्ये तो खुनी, चोर, दुष्कर्मी म्हणतो आणि त्यांच्याच रांगेत, दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्याला बसवतो. खुन्याशेजारी लुडबुड्या! पेत्राला मंडळीचा अनुभव होता हे या एका शब्दावरून कळतं.

माझंच सांगतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी ज्या मंडळीत होतो, तिथल्या मिशन कंपाउंडमधला एक तुकडा गुपचूप विकायचा घाट घातला गेला. मी विरोध केला. कागद काढले, सभेत उभा राहिलो, बोललो. तीन महिन्यांत माझी बदली झाली, तीही अशा ठिकाणी की उपासनेला अकरा माणसं, आणि मुलांची शाळा मोडली. मी वर्षभर स्वतःला, खरं बोलून छळ सोसणारा यिर्मया संदेष्टा समजत होतो. मग जुन्या मंडळीतले एक वयस्कर पंच भेटायला आले. भाकरी खाऊन झाल्यावर म्हणाले, "पाळकसाहेब, तुमचं बोलणं खरं होतं. पण त्या दिवशी तुम्ही भर सभेत त्या म्हाताऱ्या खजिनदाराच्या बायकोचं दागिन्यांवरून काढलंत. त्याची काय गरज होती?" मी गप्प. जमिनीबद्दल माझं सोसणं नीतिमत्त्वासाठी होतं. दागिन्यांबद्दलचं माझ्या जिभेसाठी होतं. दोन्ही एकाच बदलीत आलं आणि मी सगळ्यालाच क्रूस म्हणत होतो.

तुम्हीही पत्रात एक ओळ लिहिली आहे: गाडीवानांसमोर तुम्ही पाळीप्रमुखाला "चोर" म्हणालात. त्याची बाजू मला माहीत नाही, पण तुमच्याइतकाच तोही वरच्या हुकमाचा ताबेदार असेल. नाही म्हणणं बरोबर होतं. ते शब्द निराळे तोलायला हवेत. नऊ वर्षं तुम्ही तेच काम केलंत, भरल्या गाडीतून रिकामी वजा करायचं. वजा करून जे उरेल त्यावर उभे राहा. ते कमी उरलं तरी पक्कं असेल.

तुम्ही असंही विचारलंत, की कारखान्यात ख्रिस्ताचं नाव कोणी काढलंच नाही, मग हे ख्रिस्तासाठी सोसणं कसं? पेत्र दोन्ही वेगवेगळं सांगतो. ४:१४ मध्ये ख्रिस्ताच्या नावामुळे निंदा, आणि ३:१४ मध्ये नुसतं नीतिमत्त्वामुळे दुःख. दोघांनाही शब्द एकच, धन्य. मत्तयातही ५:१० मध्ये नीतिमत्त्व आहे, ५:११ मध्ये "माझ्यामुळे" आहे. आपल्याकडे छळ म्हटला की लोकांना प्रार्थनास्थळावर दगड आठवतात. पेत्राचं पत्र गेलं ते पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया, बिथुनिया या प्रांतांत, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, आणि त्या पत्रात दिसणारं सोसणं बरंचसं रोजच्या कामातलं आणि शेजारातलं आहे. ४:४ पाहा: तुम्ही त्यांच्याबरोबर पूर्वीसारखे धावत नाही याचं त्यांना नवल वाटतं आणि ते शिव्या देतात. काट्यावर याहून वेगळं काय झालं? सगळे मांडतात तसं तू मांड. नाही मांडत म्हणजे स्वतःला शहाणा समजतोस.

दुसऱ्या अध्यायात तर तो थेट घरकामाच्या गुलामांशी बोलतो, ज्यांचे धनी कडक आहेत. इथून मी ३:९ कडे येतो, कारण तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं सापडतं. तो म्हणतो, निंदेबद्दल निंदा करू नका, उलट आशीर्वाद द्या, कारण "आशीर्वाद हे वतन" मिळावं म्हणून तुम्हाला बोलावलं आहे.

वतन. आपल्या शास्त्राच्या भाषांतरकारांनी हा शब्द घेतला आणि तो आपल्या गावातून उचलला. मला या शब्दाबद्दल प्रेमच आहे असं नाही. माझे पणजोबा महारवतनावर होते. वतन म्हणजे सरकारी टपाल घेऊन पळणं, गावाची राखण आणि मेलेलं ढोर ओढणं, आणि मोबदल्यात थोडी जमीन आणि दारोदार मागून आणलेली भाकर. त्याच वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावानं त्यांचं बलुतं बंद केलं, असं आजी सांगायची. म्हणून "आशीर्वाद हे वतन" असं वाचलं की मी जरा अडखळतो.

पण वतनाची एक गोष्ट पगारात नसते. पाऊस पडला नाही, बलुतं आलं नाही, तरी वतन जात नाही. ते वर्षाच्या उत्पन्नावर ठरत नाही, कोणाचा मुलगा यावर ठरतं. आता पेत्राचे वाचणारे आठवा. गुलामाला वतन कसलं? तो स्वतःच दुसऱ्याच्या मालमत्तेच्या यादीत. त्याला बापाचं नाव लागत नाही, जमीन लागत नाही. अशा माणसाला पेत्र पत्र लिहून कळवतो, तुझं वतन आहे, स्वर्गात राखून ठेवलेलं, कोणी खालसा करू शकणार नाही असं. आणि त्या वतनाचं काम कोणतं? शिव्या देणाऱ्याला आशीर्वाद देणं. गुलामाकडे तेवढीच एक गोष्ट होती जी धनी त्याच्याकडून काढून घेऊ शकत नव्हता.

म्हणून मी तुम्हाला असं सांगणार नाही, की देव तुम्हाला दुसरीकडे दुप्पट पगार देईल. देईलही. योसेफाला शेवटी मिसराचा कारभार मिळाला, पण त्याआधी, सोबतचा कैदी, राजाचा प्यालेबरदार, सुटून गेल्यावर, तो "दोन वर्षे" तुरुंगात विसरलेला होता. उत्पत्तीचा ४०वा अध्याय संपून ४१वा सुरू होतो त्या फटीत ती दोन वर्षं आहेत आणि त्यांवर उपदेश कोणी करत नाही. पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपले लोक नेहमी देतात. १८८९ मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी शारदासदन काढलं, पुढच्या वर्षी पुण्याला नेलं. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून वादळ उठलं, केसरीनं झोडपलं, रानडे आणि भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. मग उपदेशक सांगतात, पाहा, त्याचं फळ म्हणून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. मला हे बेरजेचं गणित पटत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या त्या फळ म्हणून नव्हे, मुली मरत होत्या म्हणून. आणि ज्या लेकीवर पुढचं सगळं सोपवायचं होतं ती मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या आधी गेली. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. यात नफातोटा काढून दाखवणाऱ्याला मी लांबून नमस्कार करतो.

पण तुमच्या पत्रात एक जागा आहे जिथं तुम्ही घाईनं पुढे गेलात. मी तिथंच थांबलो. तुम्ही लिहिलंय: "बीडकडचे बैलगाडीवाले माझी पाळी लागेपर्यंत गाडी तळावर उभी ठेवायचे, त्याचाही साहेबांना राग होता." एवढंच, आणि लगेच यादीची तक्रार.

भाऊ, तोडलेला ऊस उभ्या गाडीत वाळतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तासागणिक वजन घटतं. ऊसतोड टोळीला पैसे टनावर. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल त्या टनांतून फिटायची. त्यांचं एकेक क्विंटल मोलाचं. असा माणूस दिवसभर तोडून आलेला, बैलं भुकेली, बायको गाडीखाली मूल घेऊन पडलेली, आणि तो ऊस वाळू देतो, पण तुमच्या पाळीची वाट पाहतो. त्यानं मनात हिशेब केला होता: उन्हानं जाईल ते या काट्यावरच्या माणसाच्या खरेपणापुढे थोडं आहे.

खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे, असं नीतिसूत्रांच्या ११व्या अध्यायाचं पहिलंच वचन. आणि याकोबाच्या ५:४ मध्ये तुमची शेतं कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आवाज सेनाधीश प्रभूच्या कानी जातो. मी हे वचन कित्येकदा वाचून दाखवलं असेल, पण ती मजुरी कुठं अडकते ते मला माहीत नव्हतं. काट्याच्या खोलीत अडकते. तुम्ही नाही म्हणालात तेव्हा तिथं ज्यांची मजुरी सुटली, त्यांना तुमचं नावही ठाऊक नसेल, फक्त पाळी ठाऊक होती. तुम्ही विचारताय आशीर्वाद कुठं आहे. मला वाटतं, तो तळावर रांगेत उभा होता. तुमच्याकडे येत नव्हता, तुमच्या हातून पुढं जात होता. पेत्राचं वतन ते हेच असावं. याची भाकर होत नाही, हे मला कळतं. भाकरीचं पुढे लिहितो.

त्याआधी वहिनी. तुम्ही लिहिलंत, की त्या म्हणाल्या, "धन्य आहात हो तुम्ही!" आणि तुम्हाला ते लागलं. मराठीत "धन्य" टोमणा म्हणूनही चालतो, हे उपदेश करताना आम्ही विसरतो.

कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धैर्याबद्दल आपण दर नाताळात बोलतो, त्यांची भजनं गातो. पण त्या निर्णयाचं सगळ्यात जड ओझं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या पाठीवर पडलं, आणि त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. नवरा धर्म बदलून बसला, ह्या पदरात मूल घेऊन, लोकांच्या नजरा झेलत कित्येक वर्षं दूर राहिल्या. त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या १९०० मध्ये, आपल्या वाटेनं, आपल्याला पटल्यावर. त्यांचं आत्मचरित्र "स्मृतिचित्रे" वाचलंत तर दिसेल, त्यांनी नवऱ्याला भिंतीवर टांगायचा संत कधी केलं नाही. त्याचा विक्षिप्तपणा हसत हसत सांगून टाकला. मला त्या पुस्तकातून पाळकीच्या कामाचं जे कळलं ते सेमिनरीत कळलं नव्हतं: एकाचं नीतिमत्त्व बहुधा दुसऱ्याच्या जिवावर चालतं.

तुम्ही काट्यावर नाही म्हणालात तेव्हा वहिनी तिथं नव्हत्या. त्यांना निर्णय मिळाला नाही, परिणाम मिळाला. म्हणून त्यांना ३:१४ वाचून दाखवू नका, निदान एवढ्यात नको. आधी त्यांना सांगा, की हे त्यांना विचारल्याशिवाय झालं, आणि ते तुम्हाला कळलंय. बाकी काही जोडू नका. "पण मी बरोबरच होतो" तर मुळीच नको. मग घरखर्चाचा कागद दोघांनी मिळून मांडा, आणि पेन त्यांच्या हातात द्या.

आता कोर्ट. मुकाट सोसणं म्हणजेच ख्रिस्ती असणं, हा समज कुठून आला मला कळत नाही. फिलिप्पै शहरात प्रेषित पौलाला फटके मारून तुरुंगात टाकलं. मध्यरात्री त्यानं आणि सीलानं स्तोत्रं गायली हे सगळ्यांना पाठ आहे. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, जा आता. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, चौकशीशिवाय चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप घालवता? ते नाही, त्यांनी स्वतः यावं. आणि त्यांना यावं लागलं. रात्री गाणं आणि सकाळी हक्क, माणूस तोच. पुढे कैसरियात त्यानं कैसराकडे दाद मागितली. करिंथच्या पत्रात कोर्टात जायला जी मनाई आहे ती मंडळीतल्या भावाभावांच्या भांडणाची आहे, कारखान्याशी तिचा संबंध नाही. सूड घेऊ नका, असं रोम १२ सांगतं. पण न्याय मागणं म्हणजे सूड घेणं नव्हे. फरक तुमच्या पोटात कळेल: त्याचं वाईट व्हावं म्हणून जाताय की तुमचं हक्काचं मिळावं म्हणून. दोन्ही थोडंथोडं असेल. असू द्या, कोणाचंच पोट अगदी स्वच्छ नसतं, पण पहिलं वाढू देऊ नका.

करायचं काय? नऊ हंगामांचे हजेरीचे, पगाराचे कागद, भविष्य निर्वाह निधीचा उतारा, बोलावण्याची जुनी पत्रं, पाळ्यांच्या यादीचे मोबाइलवरचे फोटो, सगळं एका फायलीत लावा. कामावर घ्या असा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. कामगारांचे खटले चालवणाऱ्या वकिलाला या आठवड्यातच भेटा, कारण तक्रारीला मुदत असते आणि ती प्रार्थनेत संपवू नये. काट्याच्या खोटेपणाची तक्रार निराळी. ती वैधमापन शास्त्र विभागाकडे जाते. तिथं फक्त स्वतः पाहिलेलं लिहा: तारीख, पाळी, कोण काय म्हणालं, हजर कोण होतं. ऐकीव एक शब्द नको. आणि व्हिडिओ करून टाकायचा मोह आवरा. खरं असूनही सिद्ध न करता आलेलं बोलणं तुमच्यावरच उलटेल आणि मग त्यातलं किती नीतिमत्त्वासाठी, हा माझा मघाचा हिशेब पुन्हा सुरू होईल.

भाकरीचं. हे मी तुम्हाला नाही, तुमच्या मंडळीच्या पंचांना सांगतोय, त्यांना हा भाग दाखवा. एक अवयव दुखला की सगळे दुखतात, असं पौल म्हणतो. "आम्ही प्रार्थना करतो" म्हणून दुखत नसतं. मुलीची यंदाची फी किती आहे? मंडळीत नोकरदार घरं किती आहेत? भागाकार सोपा आहे. कापणीच्या सणाला लिलावात एका कोहळ्याला हजार रुपये बोलणारी आपली माणसं आहेत, पैशाची अडचण नाही. अडचण ही, की हंगामी काटेवाल्याचं सोसणं कोणाला छळ वाटत नाही. मंडळीनं ही फी भरली तर तुम्हाला घ्यायला संकोच वाटेल. घ्या. घेणं हाही त्या वतनाचा भाग आहे, आणि माझ्या अनुभवात देण्यापेक्षा अवघड.

शेवटी पेत्राचं ३:१५, कारण तुम्ही विचारलंत, की गावात लोक "काय मिळालं खरं वागून?" असं हसतात त्यांना काय सांगू. आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेनं, असं तो म्हणतो. "उत्तर" साठी तिथं जो शब्द आहे तो कोर्टातल्या बचावाचा. हसणाऱ्याला उत्तर द्यायची गरज नाही, तो विचारत नाहीये. विचारणारा वेगळा असतो, तो बहुतेक एकटा असताना येतो. तुमच्या जागी काट्यावर आता कोणी तरी पोरगा बसला असेल, तो वजन कमी मांडत असेल आणि त्याचं लग्न ठरायचं असेल. कधी तरी तो चहाच्या टपरीवर तुमच्या शेजारी येऊन बसेल. त्या दिवशी तुमच्या तोंडात त्याच्यासाठी शिवी नसावी, एवढी तयारी आत्तापासून करा. त्याचं नाव घेऊन रोज प्रार्थना करा. पहिला महिनाभर दात-ओठ खाऊनच होईल, तरी करा.

पुढच्या पत्रात वकील काय म्हणाले ते लिहा. आणि ते बीडचे गाडीवाले यंदा आलेत का, तळावर कोणाच्या पाळीला गाडी लावतात, हे कोणाला तरी विचारून मला कळवा.